संध्याकाळी आठच्या सुमाराला फिक्स जातो? पोलचा नाही, वरचा बबल बघा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. दिवसभर आरटीके (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत जागा मोजणारं यंत्र) मस्त चालतो, दहा-पंधरा सेकंदात फिक्स, म्हणजे पक्की जागा, येतो, आडवी अचूकता दीड सेंटिमीटर दाखवतो, आणि सूर्य मावळून तासभर झाला की फिक्सचा फ्लोट (अंदाजे जागा), फ्लोटचा सिंगल (नुसता साधा जीपीएस), मधेच दोन मिनिटं परत फिक्स, की परत फ्लोट, हे असं रात्री साडेदहा-अकरापर्यंत चालतं आणि मग काही न करता आपोआप सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी कधी होतं, कधी होतच नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त. मे-जूनमधे जवळजवळ नाहीच. एवढं जुळत असेल तर पुढे वाचा, नाहीतर केबल बदलून बघा.

माझं काम सांगोल्याच्या बाजूला होतं, सोलर प्लांटचं पाईल मार्किंग, म्हणजे खांब कुठे रोवायचे त्या खुणा करणं. मार्चअखेरचं ऊन, दुपारी बारा ते चार पोल हातात धरवत नाही, म्हणून आम्ही पहाटे आणि संध्याकाळी सातनंतर हेडलाइट लावून काम करायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फिक्स उड्या मारायला लागला. मी लांबून ओरडलो, अरे बबल (पोल सरळ उभा आहे का ते दाखवणारा बुडबुडा) बघ, पोल तिरका असेल. पोऱ्या म्हणाला, सर बबल सेंटरला आहे की, तुम्हीच या बघायला. गेलो, बघितलं, सेंटरलाच होता. आता हसू येतं, कारण गडबड बबलचीच होती, फक्त तो पोलवरचा नव्हता, पाचसहाशे किलोमीटर वरचा होता.

खरी अडचण फ्लोट येण्याची नाही, फ्लोट आला तर माणूस थांबतो. अडचण आहे खोट्या फिक्सची. त्या रात्री साडेआठला कंट्रोलरवर हिरवा फिक्स होता, आम्ही एका ओळीत अकरा खुंट्या मारून चुना टाकला आणि सकाळी त्याच ओळीवर परत गेलो तर सगळ्याच्या सगळ्या बावीस सेंटिमीटर पूर्वेला सरकलेल्या. चूक चालते ती फक्त अडीच सेंटिमीटर. सायकल स्लिप झाली, म्हणजे सिग्नल क्षणभर तुटून लाटांची मोजणी मोडली, की रिसीव्हर लाटांची पूर्ण संख्या नव्याने मोजतो, घाईत चुकीची मोजतो आणि वर छातीठोकपणे फिक्स असं लिहितो. जीपीएसच्या मुख्य सिग्नलची, एल-१ ची, एक लाट म्हणजेच १९ सेंटिमीटर, आणि एक-दोन उपग्रहांच्या लाटा चुकल्या की जागा किती आणि कुठे सरकेल याचा नेम नाही.

आता निदान. मी ज्या क्रमाने चुकलो त्याच क्रमाने सांगतो.

पहिला संशय सिमकार्डवर, कारण संध्याकाळी गावात सगळे मोबाइलवर असतात आणि नेट रडतं. हे तपासणं सगळ्यात सोपं, करेक्शनचं वय बघा, म्हणजे नेटवरून येणारी दुरुस्ती किती सेकंद जुनी आहे ते. एक-दोन सेकंद असेल आणि तरीही फिक्स जात असेल तर नेटचा दोष नाही. वय वीस-तीस सेकंदांवर चढत असेल तर मात्र नेटच, दुसऱ्या कंपनीचं सिम टाका आणि हे वाचणं इथेच थांबवा. माझं वय एक सेकंद होतं.

दुसरा संशय मल्टिपाथ, म्हणजे कंटेनर, पत्र्याची शेड, उभ्या केलेल्या पॅनेलवरून येणारे परावर्तित सिग्नल. याची गंमत अशी की जीपीएसचे उपग्रह रोज साधारण चार मिनिटं लवकर त्याच जागी येतात, त्यामुळे मल्टिपाथ असेल तर त्रासही रोज चार मिनिटं आधी सरकतो, आज ८.१० ला तर उद्या ८.०६ ला, परवा ८.०२ ला, अगदी घड्याळासारखा. आमचा तसा नव्हता. एक दिवस ७.५०, दुसऱ्या दिवशी ८.२५, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. घड्याळ पाळत नाही पण सूर्यास्तानंतरची वेळ सोडतही नाही, असा प्रकार.

तिसरा संशय जॅमर किंवा जवळचा टॉवर. त्यात सगळे उपग्रह एकदम खाली येतात, सगळ्यांची एसएनआर (सिग्नलचा जोर) एका झटक्यात पडते. आमच्याकडे एकेक करून जात होते.

चौथा संशय मशीनवर. भाड्याने देणाऱ्याने फर्मवेअर अपडेट करा म्हणून सांगितलं, केलं, फरक शून्य. शेवटी शेजारच्या साइटवरून वेगळ्या कंपनीचा रोव्हर (पोलवरचा रिसीव्हर) मागून आणला आणि दोन्ही बायपॉडवर शेजारी शेजारी उभे केले. दोघंही एकाच मिनिटाला गेले. तेव्हा डोक्यात उजेड पडला की भांडण जमिनीवरचं नाहीच.

मग सलग तीन संध्याकाळी नुसता स्कायप्लॉट (कुठला उपग्रह आकाशात कुठे आहे त्याचा नकाशा) बघत बसलो. हे तुम्ही नक्की करा, यात उत्तर दिसतं. आधी नैऋत्येकडच्या उपग्रहांची एसएनआर थरथरायला लागते, ४५ वरून २८, परत ४४, परत ३०, सेकंदासेकंदाला, जसा जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त व्हायचा तसा. मग ते सुटतात. मग अर्ध्याएक तासाने दक्षिणेकडचे, डोक्याजवळचे. मग आग्नेयेकडचे. आणि उत्तरेकडचे मात्र निवांत. म्हणजे काहीतरी दक्षिण आकाशातून पश्चिमेकडून पूर्वेला सरकत जातंय. हा माग दिसला की समजा आयनोस्फिअर, बाकी काही नाही.

आता हे आहे काय. हा भाग गाळून खालच्या उपायांवर गेलात तरी चालेल, पण पुढे येणारं चुंबकीय वादळाचं गणित याशिवाय कळत नाही.

वातावरणाच्या वरच्या भागात, साधारण ९० किलोमीटरपासून पुढे, सूर्यप्रकाशाने अणू-रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. खालचा ई थर ११० किलोमीटरच्या आसपास, वरचा एफ थर अडीचशे ते चारशेच्या पट्ट्यात. दिवसा ई थर चांगला वीजवाहक असतो, त्यामुळे वर वाऱ्यांनी तयार होणारा विजेचा दाब तो खाली उतरवून टाकतो, आपल्या अर्थिंगच्या पट्टीसारखा. सूर्य गेला की ई थर भराभर विरतो, कारण तिथे हवा दाट, इलेक्ट्रॉन लगेच परत जोडले जातात. अर्थिंग सुटली. वर मात्र सूर्य अजून आहे, तीनशे किलोमीटरवर तो जमिनीपेक्षा तासाभराहून जास्त उशिरा मावळतो. त्या मधल्या वेळात चुंबकीय विषुववृत्तावर पूर्वेकडे जाणारं विद्युतक्षेत्र रात्रीसाठी उलटं व्हायच्या आधी एकदा जोरात उसळतं, दिवा विझताना मोठा होतो तसं, आणि पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय क्षेत्राबरोबर मिळून एफ थराला वर ढकलतं. जोरदार दिवशी सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर, कधी जास्तही.

थर वर गेला, खालचा भाग विरून पोकळ झाला, म्हणजे जड वर आणि हलकं खाली. साइटवर वीस लिटरचा पाण्याचा जार उलटा लावलेला असतो ना, नळ सोडला की भुडूक करून बुडबुडा वर जातो, अगदी तेच. कमी इलेक्ट्रॉनांचा बुडबुडा थर फोडून वर चढतो आणि चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिण दोन्हीकडे पसरतो. याचं नाव प्लाझ्मा बबल. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, केरळात थुंब्याला १९६३ साली पहिलं रॉकेट उडवायची जागा निवडली ती याच कारणाने. सांगोला-सोलापूरच्या माथ्यावर पोचायचं तर त्या बबलला तिकडे विषुववृत्तावर सहाशेएक किलोमीटर उंच चढावं लागतं, नागपूरसाठी त्याहूनही बरंच वर. म्हणून कोल्हापूरवाल्यांना जास्त त्रास आणि नागपूरवाल्यांना कमी वेळा, आणि म्हणूनच आपल्याला दक्षिणेकडचे उपग्रह आधी दगा देतात, त्यांचा सिग्नल विषुववृत्ताच्या बाजूने येतो.

बबलच्या आत काही शे मीटरचे खळगे-उंचवटे असतात आणि त्यातून येताना एल-१ सिग्नल लुकलुकतो, चांदणी लुकलुकते तसा. रात्री हे सगळं पूर्वेकडे सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटरने वाहतं, म्हणजे शंभर किलोमीटर रुंदीचा बबल एका उपग्रहासमोरून जायला पंधराएक मिनिटं. मधे मिळणारा दोन-चार मिनिटांचा फिक्स म्हणजे दोन बबलमधली फट, तेव्हा खूश होऊन खुंट्या मारू नका.

हे डोळ्यांनी दिसतही नाही असं नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे, तिथला कॅमेरा ऑक्सिजनच्या ६३० नॅनोमीटरच्या लाल उजेडात सगळं आकाश टिपतो आणि त्यात हे बबल उत्तर-दक्षिण काळ्या पट्ट्यांसारखे सरकताना दिसतात. पहिल्यांदा तसा फोटो बघितला तेव्हा मला माझा स्कायप्लॉटच आठवला.

आता मुख्य गुंता, चुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या माऱ्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं ते. आयनोस्फिअर कळल्यावर मी काय केलं, मोबाइलवर केपी (वादळाचा जोर सांगणारा शून्य ते नऊ असा आकडा) दाखवणारं ॲप टाकलं आणि नियम केला की केपी पाचच्या वर गेला की संध्याकाळचं काम बंद. आठवडाभरात नियम तोंडावर आपटला. केपी दोन असताना, शांत दिवशी, आठ वाजता सगळं गेलं. आणि ज्या दिवशी केपी सहा, बातम्यांत सौर वादळ सौर वादळ, त्या दिवशी मी माणसं घरी पाठवली आणि सहज म्हणून रोव्हर उभा केला तर रात्री बारापर्यंत एकदाही फिक्स हलला नाही. इतकी स्वच्छ संध्याकाळ त्या महिन्यात दुसरी झाली नव्हती. अकरा माणसांची मजुरी गेली ती वेगळीच.

कारण असं. वादळाचा आपल्या सूर्यास्तावर परिणाम दोन वाटांनी होतो आणि त्या दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत. पहिली वाट झटपट. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, म्हणजे बीझेड उणे झाला, की ध्रुवांकडचं विद्युतक्षेत्र काही मिनिटांत थेट विषुववृत्तापर्यंत घुसतं. दिवसा आणि तिन्हीसांजेला त्याची दिशा पूर्वेकडे असते. म्हणजे नेमकं त्या वेळी आपल्याकडे सूर्यास्त होत असेल तर आधीच उसळणाऱ्या क्षेत्राला आणखी धक्का, थर आणखी वर, बबल आणखी उंच, जिथे एरवी पोचत नाहीत तिथेही पोचतात. तेच बीझेड संध्याकाळी अचानक उत्तरेकडे फिरला तर उलटं, थर खाली दाबला जातो.

दुसरी वाट सावकाश. वादळाने ध्रुवांकडची हवा तापते, तिथून विषुववृत्ताकडे वारे सुटतात, आणि काही तासांनी ते वारे स्वतःची वीज तयार करतात, जी दिवसा आणि संध्याकाळी पश्चिमेकडे असते. ही नेहमीच्या उसळीला मारते. थर वर जातच नाही, बबल नाहीत, संध्याकाळ स्वच्छ. हा परिणाम एक-दोन दिवस टिकू शकतो. पण मध्यरात्रीनंतर हीच वीज पूर्वेकडे होते, म्हणून वादळाच्या दुसऱ्या रात्री कधी कधी पहाटे दोन-तीनला बबल उगवतात आणि पहाटेचं काम करणाऱ्याला कळत नाही की हे काय. अशा रात्री ते पूर्वेऐवजी पश्चिमेकडेही वाहू शकतात, तेव्हा वरचा नैऋत्य ते आग्नेय हा माग उलटा दिसला तर गोंधळू नका.

म्हणजे वादळ किती मोठं हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते हे, की वादळ जोरावर असताना आपल्याकडे घड्याळात किती वाजले होते. जूल्स आरॉन्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९९१ सालीच यावर ढोबळ नियम मांडला होता. वादळाचा तळ, म्हणजे डीएसटी (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं ते सांगणारा आकडा) सगळ्यात खाली जायची वेळ, तुमच्या दुपारी आली तर त्या रात्री बबल दबतात, मध्यरात्रीनंतर ते पहाट या वेळात आली तर बबल तयार होऊ शकतात, आणि सूर्यास्त ते मध्यरात्र यात आली तर फारसा फरक पडत नाही. अपवाद बरेच आहेत, पण माझ्या केपी-पाचच्या नियमापेक्षा शंभरपट बरा.

खरं उदाहरण, १७ मार्च २०१५ चं. वादळ आपल्याकडे सकाळी सव्वादहाच्या सुमाराला सुरू झालं, संध्याकाळी ते चढतीवर होतं, तळ गाठला तो दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या आसपास. म्हणजे सूर्यास्ताला झटपट वाट उघडी. त्या संध्याकाळी तिरुनेलवेलीवरचा थर जबरदस्त वर फेकला गेला आणि बबल लांबपर्यंत पसरले. १८ तारखेच्या संध्याकाळी, त्याच मार्चमधे, सावकाश वाटेने सगळं दाबून टाकलं. लागोपाठच्या दोन संध्याकाळी, एकाच वादळाच्या. दुसरं, १० मे २०२४ चं महाकाय वादळ, २००३ नंतरचं सगळ्यात मोठ्या श्रेणीचं. लडाखला हान्लेहून लाल आकाश दिसलं, अमेरिकेत पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टरांचे आरटीके बंद पडले, पण पहिला तडाखा आपल्याकडे रात्री साडेदहाच्या पुढे बसला, तोवर त्या दिवसाचा सूर्यास्ताचा खेळ संपलेला होता. बातमी मोठी म्हणून साइट बंद, असं करायचं नाही.

वादळ मोजायच्या बाबतीत आपला इतिहास भलताच जुना आहे बरं का. १८५९ च्या त्या प्रसिद्ध वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली होती, आणि पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी वाचनं बिघडणार, म्हणून १९०४ मधे चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. आपण अलिबागला वडापाव खाऊन परत येतो.

आता करायचं काय. दुपारी तीन-चारपासून बीझेडचा आलेख बघत राहा, अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या अंतराळ हवामानाच्या पानावर फुकट मिळतो. बीझेड मोजणारा उपग्रह पृथ्वीपासून सूर्याकडे पंधरा लाख किलोमीटरवर, त्या जागेलाही एल-१ म्हणतात, आपल्या सिग्नलच्या एल-१ शी त्याचा काही संबंध नाही, नाव ठेवणाऱ्याला नमस्कार. तिथून वारा पोचायला अर्धा ते एक तास लागतो, तेवढीच आगाऊ सूचना. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात बीझेड उणे दहाच्या खाली टिकून असेल तर त्या दिवशी आठनंतर आरटीकेवर भरवसा नको. वादळ आदल्या रात्री किंवा सकाळीच होऊन गेलं असेल आणि आता ओसरत असेल तर बहुतेक वेळा काम बिनधास्त होतं, पहाटे मात्र जपून. आणि काहीच वादळ नसेल, महिना मार्च किंवा ऑक्टोबर असेल, तर बबल येणार असं धरूनच चाला, कारण या महिन्यांत आपल्याकडे सूर्यास्ताची रेषा चुंबकीय रेषांना समांतर येते आणि उसळी तशीही जोरात असते. केपीचे चौकोन तीन-तीन तासांचे आणि आंतरराष्ट्रीय वेळेत असतात हे विसरू नका, आपली वेळ साडेपाच तास पुढे. मी पहिले चार दिवस चुकीचा चौकोन बघत होतो.

जमिनीवरचे उपाय. सगळ्या प्रणाली चालू ठेवा, जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू, जितके जास्त उपग्रह तितके उत्तरेकडचे निरोगी हाताशी राहतात. दक्षिणेकडचे थरथरणारे हाताने बंद करता येत असतील तर करा, माझ्या अनुभवात याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. जुन्या रिसीव्हरमधे एल-२, म्हणजे जीपीएसचा दुसरा सिग्नल, सगळ्यात आधी सुटतो, कारण तो जुना सांकेतिक सिग्नल आडवळणाने पकडतो, नवे एल-२सी आणि एल-५ वाचणारे जास्त तग धरतात. पण एल-५ म्हणजे कवच नव्हे, वारंवारता कमी तितका लुकलुकाट जास्त. लांबच्या कॉर्सऐवजी (नेटवरून दुरुस्ती पाठवणारं कायमचं स्टेशन) साइटवर स्वतःचा बेस लावलात तर आयनोस्फिअरमुळे होणाऱ्या विलंबातला फरक कमी होतो, लुकलुकाट मात्र तसाच राहतो, आणि बेसवरचा उपग्रह सुटला तरी तो दोघांच्या हिशोबातून जातो, म्हणून बेसचा स्कायप्लॉटही बघा.

खोट्या फिक्सवर एकच औषध. प्रत्येक दहा खुंट्यांनंतर दिवसा पक्क्या केलेल्या टीबीएमवर (साइटवरची संदर्भाची खूण) पोल ठेवा, फिक्स मोडून नव्याने घ्या, दोन सेंटिमीटरच्या आत आला तर पुढे. कंटाळा येतो. चुना पुसायला त्याहून जास्त कंटाळा येतो. रॉ डेटा रेकॉर्ड करून घरी जाऊन पुढून-मागून प्रोसेस केलात तर सर्व्हेचं काम वाचतं, पण स्टेकआउटला त्याचा उपयोग नाही, खुंटी तर आत्ताच मारायची असते. म्हणून मार्चमधे मी आता दुपारीच दोन कंट्रोल पॉइंट पक्के करून ठेवतो आणि साडेसातनंतर सरळ टोटल स्टेशन (उपग्रहांशिवाय, प्रिझमवर नेम धरून मोजणारं यंत्र) लावतो. रात्री प्रिझम छान दिसतो.

जे करून उपयोग नाही तेही सांगून टाकतो, अँटेना बदलणं, फॅक्टरी रीसेट, मास्क, म्हणजे क्षितिजाजवळचे उपग्रह वगळायची मर्यादा, तीस अंशांवर नेणं (उपग्रहच उरत नाहीत), आणि पोऱ्यावर ओरडणं.

वहीतली परवाची नोंद तशीच देतो, तुमच्याशी जुळते का बघा. सूर्यास्त ६.४१, केपी २, बीझेड शून्याच्या आसपास. ७.५१ ला नैऋत्येचे दोन थरथरले, ७.५५ ला सुटले. ८.२२ ला दक्षिणेचा वरचा. ८.५८ ला आग्नेयेचे दोन. ९.२० ला सगळे परत, टीबीएमवर फरक आठ मिलिमीटर. मधल्या वेळात टोटल स्टेशनवर सत्तावीस खुंट्या आणि दोन वेळा चहा.